मच्छीमारांनी स्वतःवर बसविलेली पट्टी



ज्या थोर कार्यकर्त्याच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांचे आयुष्य सहकारी संस्थांच्या उभारणीत आणि त्यांच्या जमाखर्चाच्या काटेकोर तपासणीत गेले, आणि ‘संस्था भाषणांवर चालत नाही, ती वेळेवर भरलेल्या वर्गणीवर चालते’ हा त्यांचा आग्रह त्यांच्या सहवासात आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणूनच चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली तेव्हा मी एका वर्गणीविषयीच बोलावयाचे ठरविले. ही वर्गणी आपल्यापासून फार दूर, उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोकास, अलास्काच्या किनाऱ्यावर भरली जाते. ती भरणारे मच्छीमार आहेत. आणि तिच्यातून सॅमन माशाचे बीज तयार करून समुद्रात सोडणारी केंद्रे उभी राहिली आहेत. सामायिक संपत्तीची पेरणी कोणाच्या खर्चाने व्हावी, आणि तो खर्च वसूल करण्याचा अधिकार कोणास कसा प्राप्त होतो, हा राज्यवित्तशास्त्रातला जुना प्रश्न तेथे प्रत्यक्ष व्यवहारात सोडविला गेला, आणि तो सोडविताना ज्या अडचणी आल्या त्या यशाहूनही अधिक उद्बोधक आहेत, असे माझे मत आहे.

प्रथम त्या माशाची ओळख करून देणे अवश्य आहे. आपल्याकडील रावसाशी सॅमनचे कूळ जुळत नाही. पॅसिफिकच्या त्या बाजूस त्याच्या पाच जाती व्यापारी महत्त्वाच्या आहेत, आणि पाचही जातींचा धर्म एकच: जन्म गोड्या पाण्याच्या झऱ्यात, वाढ खाऱ्या समुद्रात, आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा त्याच झऱ्याकडे प्रयाण. हजारो मैलांच्या समुद्रातून परतून किनाऱ्याजवळ आल्यावर तो आपल्या जन्मस्थानाचा माग मुख्यतः गंधावरून काढतो, आणि अंडी घालून झाल्यावर मरतो. पाचांतला सर्वांत लहान आणि सर्वांत विपुल असा जो गुलाबी सॅमन, त्याचे आयुष्य नेमके दोन वर्षांचे. त्याची पिले खडीतून वर येताच गोड्या पाण्यात न रेंगाळता सरळ समुद्राची वाट धरतात. हे दोन गुण, घरी परतणे आणि लवकर समुद्रास जाणे, ध्यानात ठेवावेत. पुढील साऱ्या अर्थकारणाचा पाया त्यांच्यावरच आहे.

अलास्कात मत्स्यबीज केंद्रांची कल्पना नवी नाही. अलास्का हा केवळ एक प्रदेश असताना, विसाव्या शतकाच्या आरंभीच वॉशिंग्टनच्या सरकारने डबाबंद मासळीच्या कारखानदारांवर असा हुकूम बजावला होता की, जो कारखाना सॅमन पकडील त्याने पकडलेल्या माशांच्या ठरावीक पट पिले तयार करून पाण्यात सोडलीच पाहिजेत. बहुतेकांनी तो पाळला नाही. मग १९०६ साली धोरण पालटले, आणि जो कारखानदार बीज केंद्र चालवील त्यास सोडलेल्या हजार पिलांमागे डबाबंद मासळीच्या दहा खोक्यांवरील कर माफ करण्यात आला. सक्तीच्या जागी सूट आली, तरी मूळ रचना बदलली नाही: मासा स्थानिकांच्या पाण्यातला, कारखाना सिअॅटल किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या मालकाचा, पिलांची मोजदाद त्या मालकाच्या नोकराची, आणि सूट देणारा अंमलदार हजारो मैलांवरचा. समुद्रात गेलेल्या पिलांपैकी किती परतली हे कोणी तपासत नव्हते, कारण सूट पिले सोडण्याबद्दल होती, मासे परतण्याबद्दल नव्हती. १९३६ पर्यंत हे सारे प्रयोग आटोपले. त्याच १९३६ साली अलास्कात सॅमनची पकड बारा कोटींच्या वर गेली होती, आणि तेथून जी उतरण लागली ती पुढे तीन-चार दशके थांबली नाही.

ह्या उतरणीच्या काळात किनाऱ्यावरील सामान्य मच्छीमाराच्या मनात कारखानदारांच्या प्रचंड सापळ्यांविषयी जो रोष साचला, तो अलास्काच्या स्वतंत्र घटकराज्य होण्याच्या चळवळीमागील एक मोठी शक्ती होता. १९५५-५६ च्या हिवाळ्यात फेअरबँक्सनजीक विद्यापीठाच्या आवारात पंचावन्न प्रतिनिधींनी बसून भावी राज्याची जी घटना लिहिली, तिच्यात मासळीला स्वतंत्र स्थान मिळाले. नैसर्गिक अवस्थेतील मासे, वन्य प्राणी आणि पाणी हे लोकांच्या सामायिक वापरासाठी राखून ठेवले आहेत. त्यांचा उपयोग उत्पन्न अखंड राहील अशा बेतानेच करावयाचा. आणि मासेमारीचा अनन्य हक्क कोणासही निर्माण करावयाचा नाही, अशी कलमे तिच्यात आली. ३ जानेवारी १९५९ रोजी राज्य अस्तित्वात आले आणि सापळ्यांवर बंदी आली. त्याच घटनेत, मासळीशी काडीचाही संबंध नसलेल्या वित्तविषयक प्रकरणात, आणखी एक कलम होते: कोणत्याही राज्यकराचे वा परवाना-शुल्काचे उत्पन्न विशिष्ट कामासाठी बांधून ठेवता येणार नाही, ते सर्वसाधारण खजिन्यात गेले पाहिजे आणि विधिमंडळाने दरवर्षी त्याचा विनियोग ठरविला पाहिजे. घटनाकारांची दृष्टी शुद्ध होती. प्रत्येक खात्याने आपापल्या कराची तिजोरी वेगळी करून घेतली, तर लोकप्रतिनिधींच्या हाती वाटण्यासाठी काही उरत नाही, हा अनुभव इतर राज्यांनी घेतलेलाच होता. मात्र ह्या कलमाने वीस-पंचवीस वर्षांनी मच्छीमारांची वाट अडवावी, हे तेव्हा कोणाच्याही ध्यानीमनी नसावे.

आता आपण अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्रिन्स विल्यम साउंड ह्या विस्तीर्ण, बेटांनी भरलेल्या आखाताकडे वळू. तेथील कॉर्डोव्हा हे गाव बाहेरच्या जगाशी रस्त्याने जोडलेले नाही. बोटीने किंवा विमानानेच तेथे जावे लागते, आणि गावाचा चरितार्थ बहुतांशी मासळीवर आहे. येथील गुलाबी सॅमन मोठ्या प्रमाणावर झऱ्यांच्या मुखाशी, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच अंडी घालतो. २७ मार्च १९६४ च्या महाभयंकर भूकंपाने ह्या आखातातील जमीन काही ठिकाणी कित्येक फूट वर उचलली आणि काही ठिकाणी खाली दाबली. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेली अंडी घालण्याची खडी एकतर कोरडी पडली किंवा खोल गेली. पुढे १९७० नंतर कडाक्याचे हिवाळे आले. १९७२ साली आणि पुन्हा १९७४ साली ह्या आखातात पर्ससीन, म्हणजे माशांच्या थव्याला वेढणाऱ्या जाळ्याच्या, मासेमारीचा हंगाम उघडताच आला नाही. साऱ्या राज्याची पकड १९७३-७४ च्या सुमारास दोन-सव्वादोन कोटींवर आली, म्हणजे १९३६ च्या पाचव्या हिश्शाच्याही आत.

ह्या संकटात राज्याने दोन उपाय योजले, आणि ते दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय पुढचा कर समजत नाही. पहिला उपाय परवान्यांचा. १९७२ साली घटनेत दुरुस्ती करून आणि १९७३ साली कायदा करून प्रत्येक प्रदेशातील प्रत्येक जाळ्याच्या परवान्यांची संख्या मर्यादित करण्यात आली. ज्याच्यापाशी परवाना नाही तो व्यापारी मासेमारी करू शकत नाही, आणि परवाना वारसास देता वा विकता येतो. अनन्य हक्क नको म्हणणाऱ्या घटनेलाच हा अपवाद करावा लागला, आणि त्याबद्दल खेड्यापाड्यांतून आजही तक्रार आहे, कारण पुढच्या पिढीत कित्येक गावांतले परवाने पैशापायी बाहेरच्यांच्या हाती गेले. दुसरा उपाय बीज केंद्रांचा. १९७१ साली राज्याच्या मत्स्यखात्यात ह्या कामाचा स्वतंत्र विभाग निघाला, आणि १९७४ च्या कायद्याने खाजगी पण नफा न वाटणाऱ्या संस्थांना बीज केंद्राची परवानगी मिळाली; १९७६ च्या सुधारणेने प्रत्येक प्रदेशातील मच्छीमारांना आपला प्रादेशिक संघ स्थापण्याचा मार्ग खुला झाला. कॉर्डोव्हाच्या मच्छीमारांनी १९७४ सालीच आपला संघ उभा केला आणि इव्हान्स बेटावरच्या सॉमिल बे येथील एका जुन्या, बंद पडलेल्या डबाबंद मासळीच्या कारखान्याची जागा पहिल्या केंद्रासाठी घेतली.

अशा केंद्रात काय चालते ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण कराचा पैसा कशात मुरतो हे डोळ्यांसमोर असल्याखेरीज कराची चर्चा कोरडी राहते. ऑगस्टच्या उत्तरार्धात आणि सप्टेंबरात परतलेले मासे केंद्राच्या पायऱ्यापायऱ्यांच्या पाणवाटेने वर चढून हौदांत येतात. मादीला मारून तिचे पोट चिरले की पंधराशे ते दोन हजार नारिंगी अंडी बादलीत पडतात. त्यांवर नराचे रेत पिळतात, वरून पाणी घालतात, आणि फलन होते. मग ती अंडी अंधाऱ्या खोल्यांतील उभ्या पेट्यांत, खालून वर वाहणाऱ्या थंड पाण्यात, महिनोन्‌महिने ठेवावी लागतात. काही आठवड्यांनी अंड्यात दोन काळे ठिपके दिसू लागतात; ते पिलाचे डोळे. ह्या अवस्थेत अंडी मुद्दाम उंचावरून पाण्यात पाडतात: निर्जीव अंडी त्या धक्क्याने पांढरी पडतात आणि वेचून काढता येतात, जिवंत अंड्यांना काही होत नाही. हिवाळ्यात पाण्याचे तापमान ठरावीक दिवशी ठरावीक अंशांनी बदलले जाते, आणि त्या बदलांचे वलय पिलाच्या कानातील बारीक हाडावर कायमचे उमटते. पुढे कोणत्याही जाळ्यात सापडलेल्या माशाचे ते हाड घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरले की हा मासा कोणत्या केंद्राचा, किंवा तो झऱ्यातलाच आहे, हे उलगडते. वसंतात पिले जाळ्यांच्या तरंगत्या कुंपणात खाऱ्या पाण्यावर ठेवून काही आठवडे खाऊ घालतात, आणि समुद्रात सूक्ष्म वनस्पती व प्राणी फुलून येण्याचा मुहूर्त साधून कुंपण उघडतात. तेथून पुढे खाद्य नाही, राखण नाही, मालकीही नाही. शंभरातली मोजकीच पिले पुढल्या वर्षी तीन-चार पौंडांचे मासे होऊन परत येतात.

मालकी नाही, ह्या शब्दांवर मला भर द्यावयाचा आहे. नॉर्वे आणि चिली येथे सॅमन पिंजऱ्यात वाढवून विकला जातो. तो मासा जन्मापासून विक्रीपर्यंत मालकाचा असतो. अलास्काने पिंजऱ्यातली मत्स्यशेती १९९० साली कायद्याने बंदच केली. तेथे केंद्राने सोडलेले पिलू कुंपणाबाहेर पडताक्षणी लोकांचे होते, आणि ज्याच्या जाळ्यात ते सापडेल त्याचे. ह्यातच कराचे सारे मर्म आहे. जर मी एकट्याने पैसे खर्चून दहा लाख पिले सोडली, तर त्यांतील परतणारे मासे शेजाऱ्याच्या जाळ्यात जाण्याचा संभव माझ्या जाळ्यात येण्याइतकाच. मग शहाणा मच्छीमार खर्च शेजाऱ्यावर सोडील, शेजारी त्याच्यावर, आणि पिले कोणीच सोडणार नाही. स्वेच्छावर्गणीने अशी कामे सुरू होतात, चालू राहत नाहीत. कॉर्डोव्हालाही आरंभी स्वेच्छावर्गणीच होती, आणि वर्गणी न देणाऱ्याने वर्गणी देणाऱ्याच्या माशावर गुजराण केली तर गावात किती कडवटपणा येतो, ते लहान गावात राहिलेल्यास वेगळे सांगावयास नको.

त्यावर जो पहिला तोडगा निघाला तो असा की, प्रादेशिक संघाच्या सभासदांनी बहुमताने ठराव केला तर त्या प्रदेशात विकल्या जाणाऱ्या सर्व सॅमनच्या किमतीवर संघाने सक्तीची पट्टी आकारावी आणि ती सरळ संघाच्या तिजोरीत जमा व्हावी. काही मच्छीमारांनी ह्या पट्टीस हरकत घेतली. वाद अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९८२ साली ‘राज्य विरुद्ध अॅलेक्स’ ह्या खटल्यात न्यायालयाने पट्टी घटनाबाह्य ठरविली. कायद्याच्या जोरावर, सक्तीने, राज्याच्या सत्तेने घेतलेला पैसा हा करच होय, मग त्याला नाव काहीही द्या. आणि कर असेल तर त्याचे उत्पन्न विशिष्ट कामाला बांधता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय. वित्तविषयक प्रकरणातले ते निरुपद्रवी कलम शेवटी येथे येऊन आडवे आले. कित्येकांना हा निकाल कोता वाटला. मला तो योग्य वाटतो. ज्या संस्थेस मतदारांसमोर उभे राहावे लागत नाही तिच्या हाती सक्तीच्या वसुलीचा अधिकार देणे, हे ती संस्था कितीही सत्प्रवृत्त असली तरी गैर आहे, आणि संघाचे सभासद हे सर्व मच्छीमार नव्हेत, ही गोष्ट त्या पट्टीत झाकली गेली होती.

सुदैवाने विधिमंडळाने धोका आधीच ओळखून १९८० साली वेगळ्या पायावर सॅमन संवर्धन कराचा कायदा केला होता, आणि आज जी व्यवस्था चालू आहे ती त्याच कायद्याची. तिची घडण अशी. कर बसवावा की नाही, आणि विक्रीच्या किमतीवर किती टक्के, हे ठरविण्यासाठी त्या प्रदेशातील सर्व परवानाधारकांकडे, मग ते संघाचे सभासद असोत वा नसोत, टपालाने मतपत्रिका जातात. मतदान करणाऱ्यांचे बहुमत झाले तरच कर लागू होतो. लागू झालेला कर रद्द करावयाचा असेल तर मच्छीमारांनी ठरावीक संख्येने अर्ज करून पुन्हा मतदान मागावयाचे, आणि बहुमताने तो उठवावयाचा. वसुली मच्छीमाराच्या दारी जाऊन होत नाही. मासळी विकत घेणारा परवानाधारक व्यापारी किंवा कारखाना किमतीतूनच कराची रक्कम कापून घेतो आणि राज्याच्या महसूल खात्याकडे भरतो. जो मच्छीमार आपला मासा थेट गिऱ्हाइकास विकतो त्याने तो स्वतः भरावयाचा. लाख डॉलरची मासळी विकणाऱ्यास दोन टक्क्यांच्या प्रदेशात दोन हजार डॉलर पडतात, ह्यात हिशेबाची काही गुंतागुंत नाही.

खरेदीदाराने कापून घेण्याची ही तऱ्हा महाराष्ट्राला परकी नाही. १९५० साली लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्यापासून आपल्याकडे ऊस घालणाऱ्या सभासदाच्या बिलातून टनामागे ठेवींची आणि निधींची कपात होत आली आहे, आणि त्या कपातीतून शाळा, दवाखाने, बंधारे उभे राहिले आहेत. वसुलीच्या सोयीपुरते साम्य एवढेच. ऊस ज्याचा त्याचा असतो. तो कोणी तोडावयाचा ह्याबद्दल वाद नसतो. सॅमनच्या बाबतीत कपात देणारा आज देतो आणि उद्या परतणारा मासा शेजाऱ्याच्या जाळ्यात पाहतो. म्हणून त्या कपातीस मतपत्रिकेचा आधार अधिक जरूर आहे. आणि कपातीची मंजुरी वार्षिक सभेत हात वर करून घेणे वेगळे, प्रत्येकाच्या घरी मतपत्रिका पाठवून गुप्तपणे घेणे वेगळे. आपल्या साखर कारखान्यांच्या कारभाराविषयी आस्था असणाऱ्यांनी ह्या फरकाचा विचार अवश्य करावा.

ह्या कायद्यात एक स्थळ असे आहे की जेथे कायदा थांबतो आणि विश्वास सुरू होतो. कराची रक्कम राज्याच्या सर्वसाधारण खजिन्यात जाते. ती प्रादेशिक संघास द्यावी असे कायदा म्हणू शकत नाही. विधिमंडळ त्या उत्पन्नाच्या प्रमाणात संघांना अनुदान मंजूर ‘करू शकेल’, एवढेच तो म्हणतो. उद्या विधिमंडळाने तो पैसा रस्त्यांवर खर्च केला, तर कोणत्याही न्यायालयात दाद मागता येणार नाही. म्हणजे मच्छीमार कर बहुमताने स्वीकारतो तेव्हा तो राज्याच्या शब्दावर विसंबून स्वीकारतो, आणि राज्याने शब्द मोडला तर मतपत्रिकेने कर उठविण्याचे शस्त्र त्याच्या हाती असते. पैसा कायद्याने बांधून ठेवण्यापेक्षा हा परस्पर धाक अधिक टिकाऊ ठरला, हे त्या कायद्याच्या इतिहासातून मला स्पष्ट दिसते. आग्नेय अलास्कातील दोन्ही प्रादेशिक संघांचा दर तीन टक्के आहे, प्रिन्स विल्यम साउंड, कुक इनलेट आणि कोडियाक येथे तो दोन टक्के आहे, आणि ज्या प्रदेशांतल्या मच्छीमारांनी तो मतदानाने स्वीकारलेला नाही तेथे हा कर नाही.

तरीही दोन-तीन टक्क्यांत सारे केंद्र चालत नाही, आणि येथे व्यवस्थेची दुखरी बाजू उघडी पडते. इमारती, नळ, पिंजरे उभारण्यासाठी राज्याने एका फिरत्या कर्जनिधीतून संघांना कर्जे दिली. कर्ज फेडण्यासाठी आणि दरवर्षीच्या खर्चासाठी संघास परवानगी आहे की केंद्राच्या तोंडाशी आखून दिलेल्या पाण्यात परतलेल्या माशांचा काही भाग स्वतः पकडून विकावा. संघांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा बहुधा ह्या वसुलीच्या मासेमारीतून येतो. आता पाहा: कर किमतीवर आहे, म्हणून मासळीचा भाव पडला की कराचे उत्पन्नही पडते, परंतु अंड्यांना पाणी आणि पिलांना खाद्य तेवढेच लागते. मग संघ आपला खर्च भागविण्यासाठी अधिक मासे स्वतः पकडतो, आणि ज्या वर्षी मच्छीमाराची आधीच ओढाताण असते त्याच वर्षी त्याच्या वाट्याचे मासे कमी होतात. १९९० नंतर नॉर्वे-चिलीच्या पिंजऱ्यांतील सॅमनने जगाचा बाजार भरला तेव्हा हे प्रत्यक्ष घडले. १९९१ साली प्रिन्स विल्यम साउंडमध्ये गुलाबी सॅमन इतका आणि इतक्या एकाच वेळी आला की कारखान्यांना तो घेता येईना. पुढल्या दोन वर्षी तो फारच थोडा आला. ऑगस्ट १९९३ मध्ये तेथील मच्छीमारांनी आपल्या होड्या वाल्डीझ ह्या तेलबंदराच्या अरुंद खाडीत आडव्या घालून तेलवाहू जहाजांची वाट रोखली, कारण त्यांच्या विपत्तीचे मूळ त्यांना तेलात दिसत होते.

तेलाचा तो इतिहास सर्वश्रुत आहे. २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन वाल्डीझ हे जहाज ह्याच आखातात खडकावर चढले आणि सुमारे चार कोटी लिटर कच्चे तेल पाण्यावर पसरले. केंद्रांतून पिले सोडण्याचा मुहूर्त काही आठवड्यांवर होता. तेव्हा सरकारी यंत्रणा जमवाजमव करीत असताना कॉर्डोव्हाच्या मच्छीमारांनी आपापल्या होड्या घेऊन सॉमिल बे आणि इतर केंद्रांच्या तोंडाशी तरंगते अडसर बांधले, ते लाटांनी तुटले की पुन्हा बांधले, आणि केंद्रांत तेल शिरू दिले नाही. स्वतःच्या मताने कर बसविलेल्या माणसाला ती केंद्रे आपली वाटत होती, ह्याचा ह्याहून मोठा पुरावा मी देऊ शकत नाही.

आता वाटणीचा प्रश्न. परतणाऱ्या गुलाबी सॅमनचा लाभ मुख्यतः पर्ससीनवाल्यांना. कॉपर नदीच्या मुखाशी झऱ्यातल्या लाल सॅमनवर जगणारा गिलनेटवाला, म्हणजे माशाला कल्ल्यांत अडकविणाऱ्या जाळ्याचा मच्छीमार, तोच कर भरतो आणि विचारतो, माझ्या पदरात काय? म्हणून संघाला लाल सॅमनची आणि चम सॅमनची केंद्रेही चालवावी लागली. आग्नेय अलास्कात १९९४ साली नियमच झाला की केंद्रांच्या माशांच्या किमतीपैकी ४४ ते ४९ टक्के पर्ससीनला, २७ ते ३२ टक्के गळाने मासेमारी करणाऱ्यांना आणि २४ ते २९ टक्के गिलनेटला मिळावेत असा प्रयत्न करावा. ज्यांनी कोकण किनाऱ्यावर पर्ससीन आणि पारंपरिक मच्छीमार यांचा वाद पाहिला आहे, आणि ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासकीय आदेशापूर्वी आणि नंतर तो किती पेटला हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्या टक्केवारीचे मोल कळेल. संघाच्या संचालक मंडळावर निरनिराळ्या जाळ्यांचे मच्छीमार, कारखानदार, हौशी मासेमारी करणारे, उदरनिर्वाहापुरते मासे पकडणारे आणि गावांचे प्रतिनिधी असावे लागतात, तेही ह्याचसाठी. हौशी आणि उदरनिर्वाहापुरते पकडणारे हा कर भरत नाहीत, तरी माशावर त्यांचाही हक्क घटनेने मानला आहे. व्यापारी मच्छीमाराने त्यांच्यासाठी थोडे अधिक द्यावे, हे मला न्याय्य वाटते.

यशाची मोजणी करावयाची तर २०१३ साली राज्यात सत्तावीस कोटींहून अधिक सॅमन पकडले गेले, आणि त्यांतले तिसऱ्या हिश्शाहून अधिक केंद्रांचे होते. परंतु ह्याच विपुलतेने सर्वांत गंभीर प्रश्न उभा केला आहे. घरी परतण्याचा सॅमनचा धर्म पूर्ण अचूक नाही; काही मासे वाट चुकून परक्या झऱ्यात शिरतात, आणि केंद्रांचे मासे कोट्यवधी असले म्हणजे चुकणारेही थोडके राहत नाहीत. कानातल्या हाडावरील वलयांमुळेच हे उघड झाले: प्रिन्स विल्यम साउंडच्या रानझऱ्यांत मेलेल्या माशांत केंद्रांचे मासे आढळले. राज्य, संघ आणि कारखानदार यांनी मिळून २०१२ च्या सुमारास सुरू केलेल्या संशोधनात असे दिसून आले की केंद्रात जन्मलेला गुलाबी सॅमन झऱ्यात अंडी घालतो तेव्हा त्याची वाढून परतणारी संतती झऱ्यात जन्मलेल्यांच्या संततीपेक्षा कमी असते. शिवाय उत्तर पॅसिफिकचे खाद्य अपरिमित नाही, आणि गुलाबी सॅमनची अतोनात संख्या इतर जातींच्या तोंडचा घास काढते, असे मत अनेक शास्त्रज्ञ मांडतात. केंद्रांच्या समर्थकांना हा आरोप जिव्हारी लागतो. मी त्यांना एवढेच म्हणेन की, केंद्रांची उपयुक्तता मान्य करूनही रानझऱ्यातला मासा हेच मूळ भांडवल आहे, हे नाकारता येत नाही. केंद्रातले बीज त्याच्याचपासून घेतले होते, आणि केंद्र बुडाले तर पुन्हा त्याच्याकडेच जावे लागेल.

आपल्याकडे कोणी असा कर सुचविलाच, तर त्याने घाई करू नये. आपला बांगडा, तारली, सुरमई जन्मलेल्या बंदरावर परतत नाहीत. रत्नागिरीच्या मच्छीमाराने पैसे घालून सोडलेले पिलू गुजरातच्या किंवा गोव्याच्या जाळ्यात जाईल, आणि कर देणारा व लाभ घेणारा यांची गाठच पडणार नाही. जेथे होड्यांच्या संख्येला खरी मर्यादा नाही तेथे वाढलेली मासळी नव्या होड्यांनाच बोलावून आणील. तलाव आणि जलाशय यांची गोष्ट निराळी. तेथे मासा कोठे जात नाही, सभासद मोजके असतात, आणि आपल्या मत्स्यसहकारी संस्था मत्स्यजिरे व बोटुकली सोडण्याचा खर्च आजही करतातच. तेथे गुप्त मतदानाने ठरविलेली, खरेदीदाराने कापून घेतलेली आणि बहुमताने उठविता येणारी पट्टी प्रयोगादाखल बसवून पाहण्यासारखी आहे, आणि ह्या सभेत अशा संस्थांचे जे चालक बसले असतील त्यांनी ती आपल्या पुढील वार्षिक सभेपुढे मांडावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.

अलास्काच्या मच्छीमारांना सल्ला देण्याचा मला अधिकार नाही. परंतु मत विचारले तर ते असे की, ह्या कराचा एक निश्चित हिस्सा रानझऱ्यांची मोजणी, राखण आणि दुरुस्ती यांसाठी मागण्यात यावा, आणि तो केवळ संघाच्या सदिच्छेवर न सोडता कराचा दर ठरविण्याच्या मतदानातच मतदारांपुढे ठेवला जावा. केंद्रांसाठी दोन टक्के देणारा मच्छीमार झऱ्यांसाठी अर्धा टक्का नाकारील असे मला वाटत नाही. निर्णय मात्र कॉर्डोव्हा, कोडियाक आणि आग्नेय अलास्कातील सिट्का येथील परवानाधारकांनी टपालाने येणाऱ्या मतपत्रिकेवर करावयाचा आहे.